व्हर्जन बदललं, तरी पुन्हा जुनंच चालतंय: घोळ नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

पायथनचं नवं व्हर्जन इन्स्टॉल केलं, तपासलं, ३.१२ दिसलं. टर्मिनल बंद केलं. पुन्हा उघडलं तर ३.९. किंवा टर्मिनलमध्ये सगळं ठीक आहे, पण एडिटरमधून रन केलं की जुनं व्हर्जन उठतं. किंवा हाताने चालवली तर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालवली की पडते. पायथनच्या जागी नोड, जावा, रुबी, काहीही घाला. तक्रार तीच राहते: बदललं होतं, पण परत जुनंच आलं.

यावर बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे पुन्हा इन्स्टॉल करणं. कृपा करून तो करू नका. अशा वेळी नवं व्हर्जन मशीनवर नसतं असं क्वचितच घडतं. ते असतं, फक्त शेल (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) त्याच्यापर्यंत पोचत नाही. पुन्हा इन्स्टॉल केलं की आणखी एक प्रत आणखी एका फोल्डरमध्ये जाऊन बसते, आणि पुढच्या वेळी शोधायच्या जागा वाढतात. एकाच मशीनवर सिस्टिमचं पायथन, होमब्रू या पॅकेज मॅनेजरचं पायथन, पायएन्व्ही या व्हर्जन मॅनेजरचं (एका भाषेची अनेक व्हर्जनं सांभाळणाऱ्या टूलचं) पायथन आणि ॲनाकोंडाचं पायथन अशी गर्दी होते ती याच सवयीमुळे.

त्यापेक्षा दोन प्रश्न विचारा. मी हे नाव टाइप केल्यावर डिस्कवरची नेमकी कोणती फाइल चालते? आणि ती फाइल कुणी निवडली? पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका, आणि दुसऱ्याचं मिळेपर्यंत काहीही बदलू नका. ही शिस्त पाळली तर या प्रकारातल्या बहुतेक तक्रारी थोड्या वेळात सुटतात.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत टाइप करायची, आणि वेगळं सांगितलेलं नसेल तिथे लहान लिपीत. पाथ, जावा_होम अशा व्हेरिएबलची नावं मात्र मोठ्या लिपीत. होम फोल्डरमधल्या बॅशआरसी, प्रोफाइल, झेडएसएचआरसी अशा सुरुवातीच्या फाइलींच्या खऱ्या नावाआधी टिंब असतं.)

कोणती फाइल चालते

तुम्ही "पायथन" टाइप करता तेव्हा शेल आधी त्या नावाचा एलियास (कमांडला दिलेलं टोपणनाव) किंवा फंक्शन आहे का ते बघतं. नसेल तर पाथ या व्हेरिएबलमधले फोल्डर डावीकडून उजवीकडे चाळतं आणि त्या नावाची पहिली चालवण्याजोगी फाइल मिळाली की थांबतं. पुढच्या फोल्डरमध्ये कितीही नवं व्हर्जन असो, तिथपर्यंत ते जातच नाही. म्हणजे प्रश्न नव्या-जुन्याचा नसून आधी कोण आणि नंतर कोण, एवढाच आहे.

हे बघायला बरेच जण "व्हिच पायथन" ही कमांड वापरतात. बॅशमध्ये व्हिच हा वेगळा प्रोग्राम आहे. त्याला साधारणपणे तुमच्या शेलमधले एलियास आणि फंक्शन दिसत नाहीत, त्यामुळे त्याचं उत्तर आणि प्रत्यक्षात चालणारी गोष्ट वेगळी असू शकते. त्याऐवजी या दोन कमांड एकापाठोपाठ द्या:

टाइप पायथन
टाइप -ए पायथन

पहिली सांगते की आत्ता काय चालेल. दुसरी त्या नावाच्या सगळ्या प्रती पाथच्या क्रमाने दाखवते. दोन्ही देण्यामागे कारण आहे. बॅश एकदा सापडलेल्या कमांडचा पत्ता लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी पाथ चाळत नाही. तसं झालं असेल तर पहिल्या कमांडच्या उत्तरात "हॅश्ड" हा शब्द येतो. दुसरी कमांड मात्र ही लक्षात ठेवलेली यादी बघतच नाही. त्यामुळे तिच्या उत्तरात नवं पायथन सगळ्यात वर दिसतं, आणि चालतं मात्र जुनंच. याच सत्रात आधी जुनं पायथन चालवलं असेल आणि नंतर पाथमध्ये आधीच असलेल्या फोल्डरमध्ये नवं आलं असेल, तर हमखास असं होतं. उपाय एका ओळीचा:

हॅश -आर

झेडएसएचमध्ये हेच काम "रिहॅश" करतं. नवं टर्मिनल उघडलं तरी ही आठवण पुसली जाते, म्हणूनच "टर्मिनल बंद करून उघडलं आणि आपोआप ठीक झालं" असा अनुभव कधीकधी येतो. आपोआप काही झालेलं नसतं.

ती फाइल कुणी निवडली

समजा "टाइप -ए पायथन"चं उत्तर असं आलं:

/होम/यूजर/.पायएन्व्ही/शिम्स/पायथन
/यूएसआर/लोकल/बिन/पायथन
/यूएसआर/बिन/पायथन

सगळ्यात वर पायएन्व्हीच्या शिम्स फोल्डरमधली फाइल आहे, म्हणजे पाथ बरोबर आहे. तरी "पायथन --व्हर्जन" ३.९.१८ सांगतंय. अनेक जण इथेच अडकतात, कारण शिम हे खरं पायथन नसतं. ती एक छोटी स्क्रिप्ट असते. ती पायएन्व्हीला विचारते की आत्ता या फोल्डरमध्ये कोणतं व्हर्जन लागू आहे, आणि मग त्या व्हर्जनचं खरं पायथन चालवते. म्हणजे आता शेलला नव्हे, पायएन्व्हीला विचारायला हवं:

पायएन्व्ही व्हर्जन

ही एकवचनी कमांड फार उपयोगाची आहे, आणि लोक तिच्याऐवजी "व्हर्जन्स" देऊन नुसती यादी बघतात. एकवचनी कमांड व्हर्जनबरोबर ते कुठून आलं तेही सांगते. समजा उत्तर आलं "३.९.१८, सेट बाय पायएन्व्ही_व्हर्जन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल". गाठ सुटली. कुणीतरी कधीतरी "पायएन्व्ही शेल ३.९.१८" दिलं होतं, किंवा कुठल्या तरी सुरुवातीच्या फाइलीत ते व्हेरिएबल एक्स्पोर्ट करून ठेवलं होतं. हे व्हेरिएबल असेपर्यंत "पायएन्व्ही ग्लोबल ३.१२.४" कितीही वेळा द्या, फरक पडणार नाही.

पायएन्व्हीचा क्रम पाठ असावा असा आहे. सगळ्यात वर पायएन्व्ही_व्हर्जन हे व्हेरिएबल. ते नसेल तर चालू फोल्डरमधली ".पायथन-व्हर्जन" ही फाइल. तीही नसेल तर वरच्या फोल्डरमध्ये, मग त्याच्या वरच्या, असं थेट रूटपर्यंत बघितलं जातं. कुठेच काही मिळालं नाही तर ग्लोबल, आणि ग्लोबलही ठरवलेलं नसेल तर सिस्टिमचं. यातली वरच्या फोल्डरची पायरी फार फसवते. होम फोल्डरमध्ये कधीतरी चुकून "पायएन्व्ही लोकल" दिलं गेलं, तर तिथे पडलेली ती छोटी फाइल होमखालच्या सगळ्या प्रोजेक्टांवर राज्य करते. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे साध्या यादीत ती दिसतही नाही. "ग्लोबल बदलतो पण काहीच बदलत नाही" ही तक्रार आली की आधी होम फोल्डरमध्ये "एलएस -ए" देऊन बघा.

खरं पायथन नेमकं कुठे आहे हे "पायएन्व्ही व्हिच पायथन" सांगतं. रुबीसाठी आरबीएन्व्हीची पद्धत अगदी हीच आहे, कारण पायएन्व्ही मुळात आरबीएन्व्हीवरूनच घडवलेलं आहे.

रस्ट भाषेच्या बाजूला, रस्टअप या तिच्या मॅनेजरमध्ये, अशीच एक लपलेली जागा आहे. "रस्टअप ओव्हरराइड सेट" दिलं की ती नोंद प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कुठेही दिसत नाही, रस्टअपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाते. मग प्रोजेक्टमधली "रस्ट-टूलचेन.टॉमल" फाइल कितीही बदला, तुमच्या मशीनवर वेगळंच चालतं आणि बाकी सगळ्यांकडे बरोबर चालतं. "रस्टअप शो" चालू टूलचेन (कंपायलर आणि त्याच्या जोडीची टूल्स) आणि ती निवडण्याचं कारण सांगतं, आणि "रस्टअप ओव्हरराइड लिस्ट" अशा विसरलेल्या नोंदी उघड करतं.

नोडचा व्हर्जन मॅनेजर असलेल्या एनव्हीएमची तऱ्हा निराळी. एनव्हीएम हा प्रोग्राम नाही, ते शेलमध्ये लोड झालेलं फंक्शन आहे. त्यामुळे बॅशमध्ये "व्हिच एनव्हीएम"ला काहीच सापडत नाही आणि लोक समजतात की इन्स्टॉलच झालेलं नाही. तपासायचं असेल तर "कमांड -व्ही एनव्हीएम" द्या. उत्तरात नुसतं "एनव्हीएम" आलं की ते लोड झालेलं आहे. दुसरं, "एनव्हीएम यूज २०" हे फक्त त्याच शेलपुरतं असतं. पुढचं टर्मिनल पुन्हा डिफॉल्टवर जातं. उद्याही २० च हवं असेल तर:

एनव्हीएम एलियास डिफॉल्ट २०

आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ".एनव्हीएमआरसी" ठेवली म्हणून फोल्डरमध्ये शिरताच व्हर्जन बदलत नाही. त्यासाठी शेलमध्ये वेगळा हुक घालावा लागतो, नाहीतर दर वेळी हाताने "एनव्हीएम यूज" द्यावं लागतं. पायएन्व्ही फोल्डर बघून स्वतः बदलतं, एनव्हीएम बदलत नाही. दोन्ही वापरणाऱ्यांना हा फरक माहीत नसेल तर गोंधळ ठरलेला.

नव्या टर्मिनलमध्येच बिघडतं तेव्हा

चालू टर्मिनलमध्ये ठीक, नव्यात जुनं, असं असेल तर दोष बहुधा सुरुवातीच्या फाइलींत आहे. लॉगिन शेल म्हणून उघडलं की बॅश होममध्ये "बॅश_प्रोफाइल" शोधतं, ती नसेल तर "बॅश_लॉगिन", तीही नसेल तर "प्रोफाइल". यातली पहिली मिळालेली एकच फाइल वाचली जाते. लॉगिन नसलेलं पण आपण हाताने वापरतो ते शेल "बॅशआरसी" वाचतं.

या नियमात एक ठरलेला सापळा आहे. उबुंटूसारख्या सिस्टिममध्ये "प्रोफाइल" फाइल स्वतःच "बॅशआरसी"ला बोलावते. सगळं सुरळीत चालू असतं. मग एखादं टूल इन्स्टॉल होताना नवीन "बॅश_प्रोफाइल" तयार करतं आणि त्यात आपली एक ओळ घालतं. त्या क्षणापासून "प्रोफाइल" वाचलीच जात नाही, आणि तिच्यातून येणारी "बॅशआरसी"ही नाही. एसएसएचने लॉगिन केलं की तुमची पायएन्व्हीची ओळ गायब. फाइल तिथेच असते, ओळही तिथेच असते, फक्त कुणी ती वाचत नाही. अशा वेळी नव्या "बॅश_प्रोफाइल"मध्ये "प्रोफाइल"ला सोर्स करणारी (म्हणजे वाचून चालवणारी) ओळ घाला, किंवा त्यातला मजकूर "प्रोफाइल"मध्ये हलवून ती फाइल काढून टाका.

मॅकओएसवर २०१९ च्या कॅटलिनापासून झेडएसएच हे डिफॉल्ट शेल आहे, आणि तिथलं टर्मिनल दर वेळी लॉगिन शेल उघडतं. झेडएसएच "झेडएसएचएन्व्ह" नेहमी वाचतं, लॉगिनला "झेडप्रोफाइल" आणि हाताने वापरायच्या शेलला "झेडएसएचआरसी". गोम अशी की सिस्टिमच्या ईटीसी फोल्डरमधली झेडप्रोफाइल फाइल "पाथ_हेल्पर" नावाचा प्रोग्राम चालवते, आणि तो सिस्टिमचे फोल्डर पाथच्या सुरुवातीला आणून बसवतो. तुम्ही पाथची ओळ "झेडएसएचएन्व्ह"मध्ये लिहिली असेल तर ती त्याच्या आधी वाचली जाते आणि तुमचे फोल्डर मागे ढकलले जातात. ती ओळ "झेडप्रोफाइल" किंवा "झेडएसएचआरसी"मध्ये न्या. मॅकवर टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारं टूल) वापरणाऱ्यांना हा त्रास जास्त जाणवतो, कारण टीमक्सही लॉगिन शेल उघडतं आणि पाथ_हेल्पर पुन्हा एकदा सगळा क्रम हलवतो.

ओळ कुठे आहे याइतकंच ती कितवी आहे हेही महत्त्वाचं. पायएन्व्हीची ओळ वर आणि तिच्याखाली होमब्रू किंवा कोंडाची ओळ असेल, तर शेवटी पाथमध्ये आपला फोल्डर पुढे घालणारा जिंकतो. व्हर्जन मॅनेजरची ओळ फाइलीत शक्य तितकी खाली ठेवा.

क्रॉन, सुडो आणि एडिटर

क्रॉन तुमची "बॅशआरसी" वाचत नाही. त्याला मिळणारा पाथ अगदी तोकडा असतो, साधारणपणे /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच. त्यामुळे तिथे "पायथन३" म्हणजे सिस्टिमचं पायथन, आणि "एनव्हीएम" म्हणजे काहीच नाही. क्रॉनच्या ओळीत "बॅशआरसी" सोर्स करण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मला पटत नाही. उबुंटूच्या "बॅशआरसी"मध्ये अगदी वर तपासणी असते की हे शेल कुणी हाताने वापरतंय का. नसेल तर फाइल तिथूनच परत फिरते, आणि खाली लिहिलेली तुमची ओळ वाचलीच जात नाही.

क्रॉनमध्ये पूर्ण पत्ता द्या. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन आणि त्याच्या लायब्ररी ठेवणारा फोल्डर) असेल तर तिच्या बिन फोल्डरमधलं पायथन थेट चालवा:

/होम/यूजर/प्रोजेक्ट/.व्हेन्व्ह/बिन/पायथन कामगिरी.पीवाय

ॲक्टिव्हेट करायची गरज नाही. ॲक्टिव्हेट मुख्यतः पाथमध्ये हा फोल्डर पुढे आणतं. पूर्ण पत्ता दिला की पायथन स्वतःच ओळखतं की ते कोणत्या एन्व्हायर्नमेंटमधून चाललंय, आणि त्याच लायब्ररी उचलतं. नोडसाठी एनव्हीएमच्या फोल्डरमध्ये "एनव्हीएम-एक्झेक" नावाची स्क्रिप्ट असते. ती ".एनव्हीएमआरसी" वाचून योग्य व्हर्जनवर कमांड चालवते.

सुडोचंही (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवण्याचंही) असंच. "सुडो पायथन" दिलं की बहुतेक लिनक्सवर सुडोर्स फाइलीतला "सिक्योर_पाथ" लागू होतो, तुमचा पाथ नव्हे. ही सुरक्षेसाठी मुद्दाम केलेली सोय आहे, ती मोडू नका. आणि सुडो लावून पिप (पायथनच्या लायब्ररी आणणारं टूल) इन्स्टॉल करायची वेळ येत असेल तर आधी थांबा. कुठली तरी परवानगी चुकलेली आहे किंवा तुम्ही सिस्टिमच्या पायथनवर काम करताय.

एडिटर डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून उघडला तर त्याला टर्मिनलचा पाथ मिळेलच असं नाही. एडिटरच्या सेटिंगमध्ये इंटरप्रिटरचा पत्ता ठरवून द्या, किंवा प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन टर्मिनलमधूनच एडिटर सुरू करा.

व्हर्जन बरोबर, पण लायब्ररी सापडत नाही

पायथन ३.१२ आहे, "पिप इन्स्टॉल" यशस्वी झालं, तरी इम्पोर्ट पडतं. इथे "पायथन" आणि "पिप" ही दोन वेगळ्या प्रतींची माणसं असतात. पिप ही स्वतः एक स्क्रिप्ट आहे, आणि तिच्या पहिल्या ओळीत कोणत्या पायथनने चालायचं त्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ती ओळ "हेड -एन १" देऊन बघता येते. त्याहून सोपं म्हणजे नुसतं पिप म्हणणं सोडून द्या:

पायथन -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स

जे पायथन चालेल त्याच्याच पिपने लायब्ररी येईल. "पायथन -एम पिप --व्हर्जन" दिलं तर पिप कुठे आहे आणि कोणत्या पायथनचं आहे तेही कळतं.

अपग्रेडनंतर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मोडणं हा याच जातीचा त्रास. "बॅड इंटरप्रिटर" असा एरर येतो, किंवा पायथन सुरूच होत नाही. त्या एन्व्हायर्नमेंटच्या फोल्डरमधली "पायव्हेन्व्ह.सीएफजी" उघडा. त्यात "होम" या नावापुढे मूळ पायथनचा पत्ता असतो. तो पत्ता आता अस्तित्वात नसेल, तर अपग्रेडने जुनं पायथन काढून टाकलंय आणि ही एन्व्हायर्नमेंट हवेत लटकतेय. ती दुरुस्त करत बसू नका. रिक्वायरमेंट्सची यादी हाताशी आहे याची खात्री करा, फोल्डर काढा आणि नव्या पायथनने पुन्हा बनवा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ही टाकून पुन्हा करायचीच वस्तू आहे. तिच्यात हाताने लिहिलेलं काही ठेवू नये.

नोडमध्ये याचं रूप वेगळं. व्हर्जन बदललं की "नोड_मॉड्यूल_व्हर्जन" असा आकडा असलेला एरर येतो: हे मॉड्यूल १०८ साठी कंपाइल झालंय, पण लागतंय ११५. १०८ म्हणजे नोड १८ आणि ११५ म्हणजे नोड २०. सी किंवा सी++ मधला भाग असलेली पॅकेजेस जुन्या व्हर्जनसाठी बनलेली राहिली. "एनपीएम रिबिल्ड" द्या, नाहीतर नोड_मॉड्यूल्स फोल्डर काढून पुन्हा इन्स्टॉल करा. जुन्या वेबपॅकवरचा प्रोजेक्ट अचानक "ईआरआर_ओएसएसएल_ईव्हीपी_अनसपोर्टेड" म्हणू लागला, तर समजा की नोड नकळत १६ वरून वर सरकलंय, कारण १७ पासून नोडमध्ये ओपनएसएसएल ३ आहे. आणि ग्लोबल पॅकेजेस एनव्हीएममध्ये प्रत्येक व्हर्जनची वेगळी असतात. नवं व्हर्जन घेतल्यावर ती "हरवली" असं वाटतं, पण ती जुन्या व्हर्जनच्या फोल्डरमध्ये शाबूत असतात.

जावाला दोन मालक

जावामध्ये "जावा" ही कमांड पाथवरून ठरते, पण मेव्हन आणि ग्रेडल ही बिल्ड टूल्स "जावा_होम" या व्हेरिएबलकडे बघतात. दोघांचं जुळत नसेल तर "जावा -व्हर्जन" १७ सांगतं आणि बिल्ड ११ वर होतं. "एमव्हीएन -व्हर्जन" दिलं की मेव्हन कोणतं जावा वापरतंय ते स्पष्ट दिसतं. ग्रेडलमध्ये आणखी एक गोष्ट असते: त्याचा डेमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) जुन्या जावावर मागे चालू राहू शकतो. "ग्रेडल --स्टॉप" देऊन मग तपासा, आणि ग्रेडल.प्रॉपर्टीजमध्ये कुणी जावाचा पत्ता पक्का करून ठेवलाय का तेही बघा.

"अनसपोर्टेड क्लास व्हर्जन" असा एरर आला तर त्यातला आकडा वाचायला शिका. त्यातून ४४ वजा केले की जावाचं व्हर्जन मिळतं. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. एररमध्ये दोन आकडे असतात: क्लास कशावर कंपाइल झाला आणि चालवणारं जावा कुठपर्यंत ओळखतं. या दोन आकड्यांवरूनच कळतं की बिल्डचं जावा नवं आणि रनचं जुनं आहे. एसडीकेमॅन हा जावाचा मॅनेजर वापरत असाल तर ते पाथ आणि जावा_होम दोन्ही सांभाळतं, पण "एसडीके यूज" त्या शेलपुरतं आणि "एसडीके डिफॉल्ट" कायमचं, हा फरक तिथेही आहे.

सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका

हे मी कळकळीने सांगतोय. उबुंटूवर /यूएसआर/बिन/पायथन३ ही लिंक नव्या व्हर्जनकडे वळवण्याचा सल्ला अजूनही फिरतो. तसं केलं की "एपीटी_पीकेजी सापडत नाही" असे एरर यायला लागतात, ग्नोमचं टर्मिनल उघडेनासं होऊ शकतं. कारण सिस्टिमची अनेक टूल्स त्याच पायथनवर लिहिलेली आहेत आणि त्यांच्या लायब्ररी त्याच व्हर्जनसाठी बनलेल्या आहेत. लिंक आधीच वळवली असेल तर ती वितरणाच्या मूळ व्हर्जनकडे परत करा, आणि मगच पुढचं बघा.

याच कारणासाठी २०२३ च्या डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनवर पिप चालवलं तर "एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" असं सांगून ते थांबतं. त्या संदेशात "ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस" असा पर्याय दिसतो. नाव वाचा, ते खरंच सांगतंय. प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा.

एकाच भाषेला दोन मॅनेजर नकोत

आजवर जे वारंवार होणारे घोळ पाहिले, त्यांत सर्वात चिवट हाच: पायएन्व्हीही आहे, अनेक भाषा सांभाळणारं एएसडीएफही आहे, होमब्रूचंही पायथन आहे. प्रत्येकाचे शिम, प्रत्येकाच्या फाइली. एएसडीएफ ".टूल-व्हर्जन्स" बघतं आणि ".पायथन-व्हर्जन" किंवा ".एनव्हीएमआरसी"कडे स्वतःहून लक्ष देत नाही. तसं हवं असेल तर ".एएसडीएफआरसी"मध्ये "लेगसी_व्हर्जन_फाइल = येस" लिहावं लागतं. म्हणजे टीममधल्या एकाने ".पायथन-व्हर्जन" बदलली आणि दुसरा एएसडीएफवर आहे, तर त्याच्याकडे काहीच बदलणार नाही आणि दोघांनाही वाटेल की आपण बरोबर आहोत.

एका मशीनवर एका भाषेसाठी एकच मॅनेजर ठेवा. अनेक भाषा असतील तर एएसडीएफ किंवा मीज यांपैकी एक घ्या. मीज चालू फोल्डरप्रमाणे थेट पाथ बदलतं, त्यामुळे "टाइप पायथन" खऱ्या फाइलीचा पत्ता दाखवतं आणि शोध घेणं सोपं जातं. मला हा गुण मोठा वाटतो. फक्त पायथन असेल तर यूव्ही हे टूल स्वतः पायथन उतरवून घेतं, तयार बांधलेलं, त्यामुळे कंपाइलची कटकट राहत नाही. पायएन्व्ही सोर्समधून बांधतं. बांधताना लायब्ररींच्या हेडर फाइली नसतील तर पायथन तयार होतं, पण "_बीझेड२" किंवा "_सीटाइप्स" मॉड्यूल नाही असं नंतर कळतं. हेडर इन्स्टॉल करून तेच व्हर्जन पुन्हा बांधावं लागतं. नुसते हेडर टाकून चालत नाही.

गो भाषेला बहुतेक वेळा मॅनेजरची गरजच नाही. ऑगस्ट २०२३ मधल्या १.२१ पासून गो स्वतः "गो.मॉड" वाचतं आणि त्यात इन्स्टॉल असलेल्यापेक्षा नवं व्हर्जन मागितलेलं असेल तर ती टूलचेन उतरवून वापरतं. म्हणून "गो व्हर्जन" प्रोजेक्टच्या आत एक आणि बाहेर दुसरं सांगू शकतं. तो बिघाड नाही. हे नको असेल तर "गोटूलचेन" व्हेरिएबल "लोकल" ठेवा.

विंडोजवर "पायथन" टाइप केलं आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं, तर सेटिंग्जमधल्या "ॲप एक्झिक्यूशन एलियासेस"मध्ये पायथनच्या नोंदी बंद करा. पायथनचा लाँचर असेल तर "पीवाय -०पी" सगळी व्हर्जनं पत्त्यांसकट दाखवतं आणि "पीवाय -३.११" हवं ते चालवतं. पाथचा क्रम बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये "व्हेअर पायथन" द्या.

दुरुस्तीनंतर

व्हर्जनचा निर्णय प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या फाइलीत लिहा आणि ती फाइल गिटमध्ये टाका. शेलमध्ये ठरवलेलं व्हर्जन शेलबरोबर जातं. मग ज्या मार्गाने तक्रार आली त्याच मार्गाने तपासा. क्रॉनमध्ये बिघडलं होतं तर टर्मिनलमध्ये तपासून उपयोग नाही. क्रॉनच्या ओळीत काही वेळ "एन्व्ह" कमांड घालून तिचं आउटपुट एका फाइलीत घ्या, आणि त्यातला पाथ वाचा. एडिटरमध्ये बिघडलं होतं तर एडिटरच्याच आतून "सिस.एक्झिक्युटेबल" छापून बघा.

जुन्या प्रती काढायचं काम सगळ्यात शेवटी. काढण्याआधी "टाइप -ए"ने दिसलेली प्रत्येक प्रत कुणाच्या उपयोगाची आहे ते पाहा. सिस्टिमची प्रत राहू द्या. होमब्रूची प्रत दुसऱ्या कुठल्या पॅकेजला लागते का हे "ब्रू यूझेस --इन्स्टॉल्ड" सांगतं. ज्या प्रतीवर कुणीच अवलंबून नाही ती काढा, आणि तिच्यासाठी "बॅशआरसी" किंवा "झेडएसएचआरसी"मध्ये घातलेली ओळही त्याच वेळी काढा.